दोघांपुरता पॅसेज

"वहिनी, आपल्या घरात माणसाला माणूस कळत नाही, भिंतीला काय कळणार?" दीर चारचौघांत म्हणाला.

आर्किटेक्ट वहिनीने ते हसण्यावारी नेलं. तिच्या इमारतीत पॅसेजची भिंत चालणाऱ्यांकडे पाहून सरकायची: एकट्यासाठी अरुंद, जोडीसाठी रुंद. आज तपासणीत भिंत चुकली, तर इमारत नापास.

परीक्षक एकटा गेला; भिंत हलली नाही. दिराला घेऊन परतला. भिंत अदबीने मागे सरली. कितीदा तपासलं, तरी चूक सापडेना.

"भावजी, भिंत पास झाली. आता तुमचं बघा."

टाळ्या वाजवत सगळे बाहेर पडले. ती एकटीच, मान ताठ करून, पॅसेजमध्ये शिरली.

भिंत अदबीने मागे सरली.

ती थांबली, तशी भिंतही थांबली. तिने पाऊल उचललं, आणि शेजारची एका माणसापुरती मोकळी जागा तिच्या चालीने चालू लागली.