सोन्याखालचा करडा थर

"सोनं फारच उष्णता गिळतंय गं. बिस्मथच घ्यावं लागणार," बैठकीत नचिकेत हळहळला. अतिथंड शोधकावर किरण शोषायला कुठल्या धातूचा थर द्यायचा, ते सरांनी ठरवलं. सोन्याचा प्रस्ताव शर्वरीचा होता, बिस्मथचा त्याचा. तिनं मोकळ्या मनानं अभिनंदन केलं.

सोन्यात कणभर लोखंड मिसळलं तरी ते जास्त उष्णता गिळतं, म्हणून थर चढवायचं यंत्र त्यानंच स्वच्छ करून, आतून ॲल्युमिनियम फॉइलचं नवं अस्तर लावून तिच्या हवाली केलं होतं.

आज ते अस्तर काढताना पापुद्रा सुटला. वर तिचं सोनं, खाली करडा थर. तिनं लोहचुंबक जवळ नेला. पापुद्रा टपकन चिकटला.

तेवढ्यात नचिकेत पेढे घेऊन आला. चुंबकाकडे बघून त्यानं 'हे काय?' असं विचारलंच नाही.

"सरांना दाखवलंस?" एवढंच म्हणाला.