निलगिरीवरची तार

शिशाची गोळी फांदीवर आपटून पुन्हा खाली आली, तेव्हा तारमास्तरांनी गलोल गवतावर ठेवली आणि मान वर करून त्या उत्तुंग निलगिरीकडे पाहिले. दिवस मावळण्याच्या आत तार वर गेलीच पाहिजे, असे त्यांनी सकाळीच मनाशी ठरवले होते.

काल दुपारच्या वादळात बिनतारी यंत्राची, संदेश पकडणारी ती लांबलचक तार झाडावरून निसटली होती. आज उजाडल्यावर ती अंगणातल्या चिखलात, ओल्या पानांखाली रुतलेली सापडली. काल मुलाचा संदेश का आला नाही ते आता कळले, असे मास्तरांनी पत्नीला सांगितले.

तिच्या हातातला पेला हातातच राहिला.

"काहीच आलं नाही?"

"काहीच नाही."

त्यानंतर दिवसभर तिने अन्नाला हात लावला नाही.

मुलगा दूरच्या सागरावर, जहाजावरच्या बिनतारी खोलीत नोकरीला होता. वडिलांचीच विद्या त्याने उचलली होती, आणि रोज तिन्हीसांजेला तो मोर्स लिपीत खुशाली कळवी. मध्यंतरी कित्येक दिवस त्याचा संदेश आला नव्हता. मास्तर तेव्हा तापाने अंथरुणाला खिळलेले. पत्नीच एकटी जहाजकंपनीच्या कचेरीत जाऊन आली. जहाजावरचे यंत्र बिघडले आहे, दुरुस्त होईल, असे तिने परतल्यावर सांगितले. आणि खरोखरच, मास्तर उठून बसू लागले त्या सुमारास संदेश पूर्ववत सुरू झाले.

कुंपणापलीकडून शेजारी आले. मासेमारीच्या सामानाचे त्यांचे दुकान घराच्या तळमजल्यावरच असल्यामुळे सारे त्यांना गळवाले म्हणत.

"काय मास्तर, मासे झाडावर चढले की काय?" असे विचारून त्यांनी गोळीला बांधलेले तंगूस, म्हणजे गळाचा तो चिवट धागा, बोटांनी चाचपले. "हे असलं जाड तुम्हाला कुणी दिलं?"

"तुम्हीच."

"मग गिऱ्हाइकानं नीट सांगितलं नसणार."

जाड तंगूस गोळीला मागे ओढते, आणि अगदी बारीक घेतले तर ते सालीवर घासून तुटते, हे समजावत त्यांनी दुकानातून एक विणीचा दोरा आणला. तो शिवणाच्या दोऱ्याइतका सडपातळ होता, पण दोघांनी दोन टोकांनी ओढूनही ताणला गेला नाही. पानांत चटकन दिसावा म्हणून त्याचा रंग पिवळाधमक होता. उडताना गुंता होऊ नये यासाठी गळवाल्यांनी तो घमेल्यात सैल वेटोळे करून ठेवला. मग जरा घुटमळून म्हणाले, की एवढ्या उंचीचा हट्ट कशाला, छपरावर टाकली तरी भागेल.

"समुद्रापलीकडचं ऐकायचंय," मास्तर म्हणाले. "खालच्या तारेचं ते काम नाही."

"उंचच असू द्या, भाऊजी," दारातून पत्नी म्हणाली. "तो फार लांब आहे."

गळवाले मान खाली घालून दोरा सोडवत राहिले.

ती दिवसभर अशीच दारात येऊन वर पाहून जात होती. नव्या संसारात तिने मास्तरांकडून मोर्स लिपी हौसेने शिकून घेतली होती. सासूसमोर ताटलीवर चमचा वाजवून ती मास्तरांची खुशाल थट्टा करी आणि ते बिचारे लाजेने लाल होत. आता सारे विसरले, असे ती म्हणे.

पुढची गोळी उंच फांदीच्या बेचक्यातून अलगद पार झाली. मास्तरांनी घाई केली नाही. दोऱ्याला हलके हिसके देत गोळी स्वतःच्या वजनाने खाली उतरू दिली. दोऱ्याला सुतळी, सुतळीला दोरखंड आणि दोरखंडाला तार बांधून ती वर चढवली. वाऱ्याने झाड डोलले तरी तुटू नये, एवढी ढील ठेवली.

तेव्हा कुठे पत्नीने चार घास खाल्ले. नंतर पदर सावरून ती नित्याप्रमाणे गळवाल्यांच्या माडीवर, त्यांच्या आजारी आईजवळ बसायला निघाली.

"त्याचं आलं की नीट उतरवून घ्या हो."

"घेतो. सावकाश ये."

मास्तरांनी कानांवर हेडफोन चढवले. ठरल्या वेळी टकटक सुरू झाली. मी खुशाल आहे, बाबा. काल वाट पाहिलीत ना? आईला सांभाळा.

मास्तरांनी संदेश पाठवायच्या कळीवर बोट ठेवले आणि एकेक अक्षर जपून पाठवले. आई आत्ताच जेवली. तू जिवाला लावून घेऊ नकोस.

सकाळी ते पत्नीशी खोटे बोलले होते. काल तिन्हीसांजेला, तार चिखलात पडलेली असतानाही, मुलाचा संदेश रोजच्याइतकाच स्पष्ट आला होता. आणि चिखलात पडलेल्या तारेला शेजारच्या घरापलीकडचे काही ऐकू येत नाही.