झाकणाखालची साय

बायकोचं दुखणं हाताबाहेर गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी ती म्हणाली, "आपल्या गाडीतून एकदा माझ्या ताईकडे न्या हो." पण तेलाच्या झाकणाखाली पांढरी साय बघून मेकॅनिकनं बजावलं होतं, "इंजिनचं गास्केट गेलंय, गाडी लांब नेऊ नका." म्हणून घर ते दवाखाना एवढीच चालवली.

ती गेल्यावर गाडी दुसऱ्या मेकॅनिकला दाखवली.

"इंजिन थंड ठेवणारं कूलंट कमी व्हायचं?" त्यानं विचारलं.

"थेंबभरही नाही."

"मग गास्केट कसलं जातंय, काका! ते गेलं असतं तर कूलंट तेलात उतरून कमी झालं असतं. जवळच्या जवळ फिरवल्यानं इंजिन नीट तापत नाही, आत वाफ साचते, तिचीच ही साय. एकदा लांब न्यायची होती."

तसाच पहिल्या मेकॅनिककडे गेलो. तेलाचं झाकण काढून त्याच्या टेबलावर आपटलं. "कूलंट बघितलं होतंस?"

"त्याची गरजच नसते, काका. झाकणावरून कळतं."

तिचं ताईकडे जायचं राहिलं.