डुलणारी सायकल

घरात जागेवरच चालवायची सायकल खांबासारखी ताठ उभी राहते, रस्त्यावरची मजाच येत नाही, म्हणून नवरोबांनी सुट्टीचा अख्खा दिवस घातला. दोन फळ्यांच्या मध्ये जुने टेनिसचे चेंडू घट्ट बसवले, वर सायकल चढवली आणि पॅडल मारलं. सायकल डावीकडे-उजवीकडे झकास डुलू लागली. स्वारी खूश!

“बघितलंस? बाजारात लोक याला केवढे पैसे मोजतात! आपलं काम फुकटात!” घामाघूम नवरोबा वरूनच ओरडले.

जेवणाच्या टेबलाशी बसलेली बायको एका हाताने चहाचा कप सावरत शांतपणे म्हणाली,

“अहो, मग एवढा खटाटोप कशाला? सायकल या टेबलावरच चढवायची ना! तुम्ही ‘येत्या रविवारी याचा पाय नीट करतो’ म्हणालात, तेव्हापासून हे फुकटच डुलतंय.”