तीस मिली

"अर्धाच?"

निरीक्षकानं आईच्या हातातला स्टीलचा छोटा पेला अडवला आणि आत डोकावून पाहिलं. निम्मं सूप तसंच होतं. आईनं चमचा खाली ठेवला होता आणि पेला घेऊन ती स्वयंपाकघराकडे निघाली होती.

"बास झालं तेवढं," ती म्हणाली.

"बास की नाही ते डॉक्टर ठरवतील. दर पंधरा मिनिटांनी तीस मिली. म्हणजे एक पेला. भरलेला एक."

वजनमापे खात्यात त्याची बावीस वर्षं गेली होती. तो बाजारात शिरला की पहिल्या दुकानापासून शेवटच्या दुकानापर्यंत तराजू सरळ व्हायचे. पंपावरचं पेट्रोल, दूधवाल्याचं माप, भाजीवालीच्या टोपलीतलं वजन, काही म्हणून नजरेतून सुटायचं नाही. सुटलं ते एकच, स्वतःचं वजन. ते एकशे बेचाळीस किलोंवर गेलं तेव्हा डॉक्टरांनी पोट कापून मुठीएवढं करून टाकलं. तेव्हापासून त्याचा सगळा संसार तीस मिलीत आला होता.

इस्पितळानं खुणा केलेलं प्लास्टिकचं भांडं दिलं होतं, ते येताना टॅक्सीत राहिलं. म्हणून त्यानं फडताळातला हा पेला मागवला, तळहातावर तोलला आणि जाहीर केलं, "बरोब्बर तीस." दुसऱ्या कुणी असं नुसत्या नजरेनं मोजलं असतं, तर साहेबांनी जागच्या जागी पंचनामा केला असता.

आणि आता घरातच मापात पाप! दोन दिवस त्यानं डोळ्यांत तेल घालून पाहिलं. आई चमच्यानं भरवायची आणि मध्येच थांबायची. कधी निम्म्याच्या वर, कधी खाली. दोन वेळचं माप सारखं नाही, म्हणजे गुन्ह्यावर गुन्हा.

"दहा दिवस मला उपाशी ठेवलंस तू. हातात त्राण नाही माझ्या."

"अरे, पण पोटात ठरायला नको का? एकदा तरी ओकलास का?"

हे तिनं बचाव म्हणून सांगितलं. त्यानं कबुलीजबाब म्हणून धरलं. पोटात जातच नाही, तर बाहेर काय पडणार?

"आजपासून माझं मी घेईन," तो म्हणाला. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण जीभ सैल सुटली की तिला कुठला ब्रेक! "माप मारणाऱ्याला मी बाजारात उभं करत नाही. घरात कसा ठेवू?"

आईनं पेला विसळून त्याच्या उशाशी ठेवला. संध्याकाळी ताई आली आणि तिला आपल्या घरी घेऊन गेली. जाण्याआधी आईनं दुसऱ्या दिवसाचं सूप गाळून, झाकून ठेवलं होतं.

निरीक्षकानं पहिला पेला काठोकाठ भरला आणि शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. थोड्या वेळानं तोंडात पाणी सुटू लागलं. छातीत काहीतरी अडकून बसलं. दुसऱ्या पेल्यानंतर बादली जवळ ओढावी लागली. दुपारपर्यंत त्याला साबणाचा वास सहन होईना, उशीचा होईना, फ्रिजचं दार उघडायची भीती वाटू लागली. त्याचं निदान तयार होतं. दहा दिवसांच्या उपासमारीनं पोटाची सवय मोडली होती. उपाय एकच, पेला चुकवायचा नाही. त्यानं एकही चुकवला नाही.

तिसऱ्या दिवशी साधं पाणीही आत ठरेना. भिंतीला धरून तो फोनपर्यंत गेला. डॉक्टर म्हणाले, "ताबडतोब या. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल." नळीचं नाव ऐकून एवढा मोठा अधिकारी रडकुंडीला आला.

इस्पितळात सिस्टरनं आधी सलाईन लावलं, मग विचारलं, "एका वेळी किती घेता?"

"तीस. एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही."

"मोजता कशानं?"

त्यानं पिशवीतून पेला काढून दिला. अभिमानानंच दिला. तिनं तो नळाखाली भरला, आपल्या खुणांच्या मोजपात्रात ओतला आणि ते त्याच्यासमोर धरलं. पाणी साठावर थांबलं होतं.

"दुप्पट घेताय तुम्ही."

"पुन्हा भरा."

तिनं पुन्हा भरला. तिसऱ्यांदा त्यानं स्वतः ओतून पाहिलं. पाण्याला कुणाचा हुद्दा कळतो? ते साठावरच थांबलं.

दुसऱ्या दिवशी सुटका झाली तसा तो थेट ताईकडे गेला. आई खिडकीपाशी उशीच्या अभ्र्याला टाके घालत बसली होती. तिला पाहून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणाच्या दुकानात चुकीचा छापा पडला, तर खात्याचं छापील माफीपत्र होतं. इथं ते चालण्यासारखं नव्हतं.

"चुकलो, आई," तो म्हणाला. "पेला साठचा निघाला. तू निम्म्यावर थांबायचीस ते अगदी बरोबर होतं. पण तुला कळायचं कसं? मोजायचीस कशानं?"

"मला कुठलं मोजता येतंय! पेल्याकडे मी बघायचेच नाही. तुझ्या तोंडाकडे बघायचे. ओठ मिटलेस की चमचा खाली ठेवायचे." तिनं दातांनी दोरा तोडला. "तू लहान होतास तेव्हाही मी हेच माप लावलं होतं रे. पण तेव्हा तू ओठ कधी मिटलेच नाहीस."