सातवं नाव

"फुलं खोचून झोप येते होय?" धाकटी हसली. "मग सगळे माळी कुंभकर्णच व्हायला हवेत."

"चेष्टा नको. दोनच शुक्रवार गेले मी. आता अंथरुणाला पाठ टेकली की थेट सकाळ," थोरली म्हणाली.

दोघी सख्ख्या बहिणी, एकाच विमा कंपनीत. थोरली दाव्यांच्या टेबलावर, धाकटी टपाल विभागात. कंपनीने अचानक माणुसकी मनावर घेतली होती. कामाचा ताण हलका व्हावा म्हणून इकेबानाचा, म्हणजे जपानी पुष्परचनेचा वर्ग काढला होता. सहा शुक्रवार, दुपारी तीन ते पाच, तेही कामाच्या वेळेत. बारा नावं वरून ठरून आली होती. त्यांत थोरलीचं होतं, धाकटीचं नव्हतं.

थोरलीला हे मुळीच पटत नव्हतं. तिला काय कमी होतं? नवरा कमावता, मुलगी मार्गी लागलेली. धाकटीचा नवरा वर्षभर अंथरुणाला खिळला होता आणि सगळं घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं. कित्येक महिने तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. हात इतके थरथरायचे की पाकिटावर शिक्का धड उठत नसे.

सोमवारी थोरली कर्मचारी विभागाच्या साहेबांसमोर जाऊन बसली.

"माझ्या बहिणीला वर्गात घ्या."

"जागा नाही. बारा म्हणजे बारा."

"मग मी सोडते. माझ्या जागी ती."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "तुमचं बरं चाललंय की. बाई कौतुक करत होत्या."

"म्हणूनच म्हणते. मला जमलं, तर तिलाही जमेल."

"पुन्हा विचार करा. मागाहून मला बोल लावाल."

"बोल कसला? उपकार होतील तुमचे."

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. मग त्यांनी खणातून यादी काढली, टेबलावर ठेवली आणि तिच्या वरच्या भागावर तळहात दाबून धरला. "तुमच्याच हाताने खोडा. तिचं लिहा. बाजूला 'स्वखुशीने' आणि सही."

फुलांच्या वर्गासाठी केवढा हा बडेजाव, थोरलीला हसू आलं. तिने सातव्या ओळीतलं स्वतःचं नाव खोडलं आणि निळ्या शाईने, शाळेत बक्षीस मिळवलेल्या त्या वळणदार अक्षरात, धाकटीचं लिहिलं.

धाकटीने आढेवेढे घेतले, पण गेली. पहिल्या दिवशी तोंड पाडून आली. पसरट भांडं, तळाला खिळ्यांची जड चकती, त्यावर तीनच काड्या रोवायच्या: एक उंच, एक मध्यम, एक आखूड. बाकी सगळं छाटून टाकायचं.

"चांगली हिरवीगार पानं गं, ताई! मला कापवेना. बाई म्हणाल्या, काय ठेवायचं ते नंतर, आधी काय काढायचं ते ठरवा."

"मग?"

"मग कापली."

पाचव्या शुक्रवारपर्यंत तिचा हात स्थिर झाला. रात्री चार-पाच तास झोप लागू लागली. घरी खिडकीत तिची रचना मांडलेली असे, आणि सदा भिंतीकडे तोंड करून पडणारा नवरा कूस बदलून तिकडे बघायचा. थोरली भेटायला गेली की मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घ्यायची. आयुष्यात एक तरी शहाणपणाचं काम केलं, असं तिला वाटे.

शेवटच्या शुक्रवारी पाच वाजता ती जिन्यापाशी उभी राहिली. वर्गातून एकेक जण बाहेर येत होता. एका हातात फुलं, दुसऱ्या हातात लांबट पाकीट. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. प्रमाणपत्रं दिलेली दिसतात, थोरलीने ताडलं.

धाकटी सगळ्यांत शेवटी आली. फुलं तिने आतच ठेवली होती. तिने पाकिटातलं पत्र उघडून थोरलीपुढे धरलं.

"ताई, हे तुझं अक्षर ना?"

पत्राला यादीची प्रत जोडली होती. सातव्या ओळीत खोडलेलं एक नाव, त्यावर लिहिलेलं दुसरं. बाजूला 'स्वखुशीने' आणि सही. सगळं थोरलीचंच.

या वेळी यादीवर कोणाचा तळहात नव्हता. वर ठळक अक्षरांत छापलं होतं: वर्ग संपताच कामावरून कमी करावयाचे कर्मचारी.