मानगुटीवरची चापट

ठोसा हनुवटीपासून वीतभर लांब असतानाच रगब उडाला, भाजीच्या गाड्यावर आदळला आणि टोमॅटोंसकट खाली आला.

"कट!" रुश्दी सक्र ओरडला. ठोसा त्यानेच मारला होता, कटही त्यानेच म्हटलं, आणि धावत जाऊन छोट्या पडद्यावर स्वतःला पाहून "वा! काय मारलंय!" हेसुद्धा त्यानेच म्हटलं. नायक तोच, दिग्दर्शकही तोच. साठीला टेकलेला, गालांवर रंगाचा थर, केस बुटासारखे काळेकुळकुळीत. सिनेमात मात्र तो अठ्ठावीस वर्षांचा होता आणि एकटा अख्ख्या इम्बाबा वस्तीचे गुंड लोळवणार होता. गुंडांचं काम करणारे रगब आणि त्याचे सोबती बिचारे शहाणे. एकेकटे यायचे, आपली पाळी येईपर्यंत मागे नुसते गुरगुरायचे आणि हात लागायच्या आत पडायचे. कहर म्हणजे रुश्दीला खरंच वाटायचं की आपणच त्यांना पाडतो!

आज शूटिंग नेमकं रगबच्या गल्लीत होतं. समोरच्या बाल्कनीत नगात उभी होती, आणि तिच्या शेजारी, वाळत घातलेल्या चादरी बाजूला सारून, तिची आई. संध्याकाळी रगब मामाला घेऊन त्यांच्याकडे जाणार होता. दोन्ही घरं मिळून कुराणातली फातिहा वाचणार आणि रगब-नगातचं लग्न पक्कं होणार. आईने, म्हणजे उम्म नगातने, होकार दिला होता, पण तोंड वाकडं करूनच. "मार खाऊन पोट भरणारा जावई मिळालाय," असं ती जिन्यात भेटेल त्याला ऐकवायची. ठोशांचं तसं तिला काही नव्हतं. ठोसे काय, पुरुषांना बसतातच.

"मजा नाही आली," रुश्दी म्हणाला. "लोक खदाखदा हसले पाहिजेत. ठोसा नको. मानगुटीवर चापट देतो. खणखणीत!"

चाकूचा वार खाल्लेला माणूस इम्बाबात छाती काढून फिरतो. मानगुटीवर चापट खाल्लेला नाही फिरू शकत. त्याच्या पोरांनासुद्धा शाळेत त्यावरून चिडवतात.

"उस्ताद," रगब हळूच म्हणाला, "पोटात लाथ घाला. हवं तर जिन्यावरून ढकला. पण हे नको. वर माझी माणसं बघतायत."

"माणसं?" रुश्दीने वर पाहिलं आणि केसांवरून हात फिरवला. "मग तर बघू देत की! रुश्दी सक्रची चापट खायला भाग्य लागतं, भाग्य! आणि नसेल जमत तर सांग बाबा. पुन्हा कुठल्याच सेटवर दिसणार नाहीस, एवढंच."

रगबला दुसरं काहीच काम येत नव्हतं. कॅमेरा सुरू झाला. रुश्दीने त्याची कॉलर धरली, त्याला वाकवलं, हात उगारला.

"अरे, नबींना सलाम म्हणा!" वरून उम्म नगात कडाडली.

भांडणात कुणी असं म्हटलं की हात आवरून सलाम म्हणायचा, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. झाडून सगळ्या गुंडांनी चाकू-साखळ्या खाली केल्या, छातीवर हात ठेवले आणि पुटपुटले, "त्यांच्यावर सलाम असो." मेकअपवाल्या बाईने म्हटलं. चहावाल्यानेही म्हटलं. कॅमेऱ्यामागच्या वगीहने तर म्हणता म्हणता कॅमेराच बंद केला. जन्माची सवय! रगबही छातीवर हात ठेवून उभा होता.

"कुणी बंद केला? कुणी माझा शॉट घालवला?" रुश्दी किंचाळला. राग काढायला जवळच एक मान सापडली.

फाट्!

आवाज शेवटच्या बाल्कनीपर्यंत गेला. नबींचं नाव घेतल्यावर. आणि कॅमेरा बंद असताना.

हा सिनेमा नव्हता, हे सगळ्यांना कळलं. रुश्दी सोडून. त्याला फक्त एवढंच कळलं की आवाज झकास आला.

नगातने आईचा दंड धरला. उम्म नगातने आत वळून बाल्कनीचं दार अर्धं लोटलं.

"अस्साच! आता कॅमेऱ्यासमोर," रुश्दी म्हणाला. "चला! अ‍ॅक्शन!"

रगब वाकलाच नाही. ताठ उभ्या माणसाच्या मानगुटीपर्यंत रुश्दीचा हात पोचेना, तेव्हा त्याने पोटात ठोसा हाणला. अगदी खरा, जीव काढून. रगब पडला नाही. त्याने नुसतं मागे वळून आपल्या सोबत्यांकडे पाहिलं.

रुश्दीने पुढच्याच्या छातीत लाथ घातली. तोही उभाच. त्याने शर्टावरची धूळ झटकली, जणू माशी बसून गेली. तिसऱ्याने मार खाता खाता सिगारेट पेटवली. कुणीच उलटा हात उगारला नाही. कुणावर उगारायचा?

"पडा!" दिग्दर्शक ओरडला.

"पडा रे, नालायकांनो!" नायक ओरडला.

तोंड एकच होतं, आणि आता त्याला श्वास पुरत नव्हता. गल्ली पहिल्यांदाच बघत होती की त्या ठोशांत मुळात जोर किती. केसांचा काळा रंग घामाने कपाळावरून गालांवर ओघळला. शेवटी तो रस्त्यातच मटकन बसला, आणि त्याच्या भोवती इम्बाबाचे सगळे गुंड धडधाकट उभे होते.

रगबने भीत भीत वर पाहिलं. बाल्कनीचं दार सताड उघडं होतं.

"संध्याकाळची वाट कसली बघताय?" उम्म नगात अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी म्हणाली. "मामांना घ्या आणि आत्ताच वर या, जावईबापू! आणि हो, येता येता त्या म्हाताऱ्याला जरा पाणी द्या."